दोनदा टकटक

मुलीशी मास्तरांचा सौदा ठरला होता. आपल्याच बायकोवरून आपल्याच मुलीशी सौदा करायची वेळ यावी हे मास्तरांना सहन होत नव्हतं, पण वेळ आली होती खरी. उद्या सकाळी मुलगी गाडी घेऊन येणार होती आणि आईला शहराबाहेरच्या एका संस्थेत पोहोचवणार होती. तिथे बाग होती, नर्स होत्या, आणि खोल्यांच्या कड्या बाहेरून होत्या. मास्तरांनी फक्त आजचा दिवस मागून घेतला होता. आज ते बायकोला तिच्या माहेरच्या चौकात नेणार होते. तिथे तिनं त्यांना ओळखलं, एकदा जरी "मास्तर" म्हणून हाक मारली, तर उद्याची गाडी रिकामी परत जायची.

"आणि नाही ओळखलं तर?" मुलीनं फोनवर विचारलं होतं.

"ओळखेल."

"बाबा, मी काय विचारतेय? नाही ओळखलं तर?"

"तर तू म्हणशील तसं," मास्तर म्हणाले होते, आणि मग घाईघाईनं, "पण ओळखेल."

मुलगी काही दगडाच्या काळजाची नव्हती. आईसाठी तिनं किती खेटे घातले, किती डॉक्टर पालथे घातले, हे मास्तरांनी पाहिलं होतं. शिवाय ती म्हणत होती त्यात खोटं काय होतं? पेटता गॅस तसाच सोडून म्हातारी जिना उतरून गेली होती. न्हाणीघरात तिला सावरताना मास्तर स्वतःच आपटले होते आणि पुढे कितीतरी दिवस हात गळ्यात बांधून हिंडत होते. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ती गाडीचं दार घट्ट धरून ठेवायची आणि तिघातिघांना आवरायची नाही. हे सगळंही मास्तरांनी रेटून नेलं असतं. पण हिवाळ्यापासून तिला नवरा ओळखू येईनासा झाला होता. संध्याकाळ झाली की ती शेजारचं दार वाजवायची आणि हळू आवाजात सांगायची, "आमच्या घरात एक म्हातारा शिरलाय. माणूस वाईट नाही वाटत, पण जायचं नाव घेत नाही." शेजारी हसू दाबत तिला परत आणून सोडायचे. त्यांच्यासमोर मास्तरही हसायचे. मग न्हाणीघराचा नळ मोठा सोडून आत रडत बसायचे.

आता हा चौक काय होता ते सांगायला हवं. विद्यापीठाला तो चिकटूनच होता. एका बाजूला विद्यापीठाचं दगडी दार, उरलेल्या तीन बाजूंना कमानी, आणि कमानींखाली दुकानं. विद्यापीठाला जे जे लागे ते तिथे मिळे. जुनी पुस्तकं, शाई, काचेच्या नळ्या, पदवीदानाचे भाड्याचे झगे, तो झगा चढवून फोटो काढून देणारा फोटोवाला, टायपिंगवाले, आणि कोपऱ्यात बाइंडर, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा बाप, आबा. पोरं आत जाऊन अक्कल घेतात आणि बाहेर येऊन तिचं पॅकिंग करून घेतात, असं बाइंडर म्हणायचा.

म्हणायचा म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी. एरवी बोलायला त्याचं तोंड मोकळं नसायचं. मेण लावलेला शिलाईचा दोरा सदानकदा दातांत धरलेला. त्यामुळे दुकानात हाका मारायची पद्धतच नव्हती. कागदाची घडी दाबायला एक हाडाची पट्टी असते, ती त्यानं टेबलावर एकदा आपटली की त्याच्या मुलीनं हातातलं काम थांबवायचं, दोनदा आपटली की असेल तिथून उठून समोर येऊन उभं राहायचं. शाळा सुटल्यापासून मुलगी त्याच्याच हाताखाली होती. राहायचं दुकानाच्या वर, काम करायचं खाली, आणि दिवसभर ती टकटक ऐकायची. आबा मारकुटा नव्हता, पण त्याच्या समोर उभं राहायची वेळ आली की तिचे पाय लटपटत.

मास्तर त्या काळी मास्तर नव्हते. विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर हाडाची काडं करून प्रबंध लिहिलेला एक विद्यार्थी होते. चार प्रती बांधायला टाकल्या. पावती हातात आली तेव्हा तिच्यावरचं शुद्धलेखन त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलीनं सुधारलं, आणि टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता म्हटलं, "मास्तर दिसताय." ते नाव पडलं ते पडलंच. पुढे ते खरोखरच शाळेत मास्तर झाले, पण ती म्हणायची की आधी नाव मी दिलं, नोकरी मागून लागली.

प्रती तयार झाल्या. तीन विद्यापीठात गेल्या, एक स्वतःची. विद्यापीठाच्या पायरीवर बसून मास्तरांनी आपली प्रत कौतुकानं चाळली आणि मध्येच थबकले. बाइंडर पानांच्या लहान लहान जुड्या करून त्या एकेक करून शिवतो. त्यातली एक जुडी पोरीनं उलटी शिवली होती. वाचता वाचता विहिरींचं पाणी एकदम डोक्यावर उभं राहिलं. मास्तर तणतणत दुकानात परतले. आत आबा तोंडातला दोरा काढून बोलत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आणखी एक चूक झाली की उद्यापासून या बाकावर बसायचं नाही. मागे कागद मोजत बस जन्मभर." मुलगी खाली मान घालून उभी होती. मास्तरांनी हातातला प्रबंध पाठीमागे नेला आणि म्हणाले, "छत्री विसरलो होतो." बाहेर रखरखीत ऊन होतं. पोरगी त्या अवस्थेतही हसली, आणि त्या हसण्यावर मास्तर गारद झाले.

लग्न झाल्यावर त्यांनी तिला ती उलटी जुडी दाखवली. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आणा इकडे, उसवून सरळ करून देते." मास्तरांनी दिला नाही. "ती जुडी सरळ झाली तर आपलं लग्न उसवेल," ते म्हणाले. हा त्यांचा घरगुती विनोद झाला. घर आवरताना दर वेळी ती मागायची आणि ते प्रबंध काखोटीला मारून पळायचे.

एका बाबतीत मात्र विनोद चालत नव्हता. नव्या संसारात एकदा मास्तरांनी गंमत म्हणून चहासाठी टेबलावर चमचा दोनदा आपटला. ती ताडकन उठून समोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. क्षणभरानं भानावर आली, पुन्हा खाली बसली, आणि म्हणाली, "एवढं पुन्हा करू नका. बोलवायचं असेल तर उठून माझ्याजवळ या." मास्तरांनी तिला शब्द दिला. आणि तो असा पाळला की शेजारीपाजारी त्यांची टिंगल करत. मीठ मागायलाही हा माणूस उठून आत जातो म्हणे. मास्तर जन्मभर उठून तिच्याजवळ जात राहिले.

तर अशा त्या चौकात सकाळी दोघं टॅक्सीतून उतरली. प्रबंध मास्तरांच्या कापडी पिशवीत होता.

चौक बघून मास्तरांचं टाळकंच सरकलं. जुना चौक म्हणून त्याला घासूनपुसून असा काही चकचकीत केला होता की इथे कधी कुणी हात काळे करून काम केलं असेल यावर विश्वास बसू नये. कमानी तशाच होत्या. कमानींच्या आत मात्र झगेवाल्याच्या जागी सुगंधी साबण, टायपिंगवाल्याच्या जागी मोबाइलची कव्हरं, फोटोवाल्याच्या जागी आइस्क्रीम. जागोजागी पितळी पाट्या लावून इथे पूर्वी काय होतं ते लिहिलं होतं. एक गाइड हातातली छत्री उंच धरून पाहुण्यांचा तांडा हाकत होता. जे होतं ते राहू दिलं असतं तर पाट्यांचा खर्च वाचला असता, असं मास्तरांना वाटलं.

गर्दी बघून ती बिचकली आणि मास्तरांचा दंड धरून उभी राहिली. तेवढंही मास्तरांना सुखाचं वाटलं. मग दोघं कमानीखाली शिरली. सावली, गार दगड, पावलांचा घुमणारा आवाज. ती थांबली. तिनं मास्तरांचा दंड सोडला आणि पुढे चालू लागली. घरात पाय ओढत चालणारी ती बाई, इथे तिच्या पावलांना जोर आला. एका खांबाजवळ तिनं पाय नेहमीपेक्षा उंच उचलून टाकला. त्या जागी एक फरशी उखडलेली असायची, सगळा चौक तिच्यावर ठेचकाळायचा. आता तिथे सगळं गुळगुळीत होतं. पण तिच्या पायाला ती फरशी आठवत होती.

"शाईवाल्यानं दार रंगवलं वाटतं," ती म्हणाली.

"हो ना," मास्तर म्हणाले. "हिरवं केलंय."

"आधीचंच बरं होतं." आणि मागे वळून ती चक्क त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चला ना, थांबलात का?"

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. मुलीला आत्ताच फोन लावावा, "तुझी गाडी राहू दे घरीच," म्हणून सांगावं, असं त्यांना वाटलं. पण तिनं अजून "मास्तर" म्हटलं नव्हतं, आणि सौदा म्हणजे सौदा. ते तिच्या मागोमाग जवळजवळ धावत सुटले.

बाइंडरच्या दुकानात आता कॉफी मिळत होती. दाराची लाकडी चौकट जुनी, आतलं सगळं नवं. आबाचा पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस तेवढा शोभेला ठेवला होता आणि त्याच्यावर फुलझाडाची कुंडी होती. ती सरळ आत गेली, कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून बसली. तिचा बाक तिथेच असायचा. कॉफी देणारी मुलगी लगबगीनं आली तेव्हा मास्तरांनी हात जोडले.

"जरा वेळ राहू दे बेटा. हे हिचं माहेर आहे."

मुलगी समजूतदार होती. तिनं कुंडी कोपऱ्यात सरकवली आणि न मागता दोन कप आणून ठेवले, सोबत केकच्या बशा, सुऱ्या आणि लाकडी दांड्याचे चमचे.

मास्तर समोर बसले. आता हुकमाचा एक्का टाकायची वेळ आली होती. त्यांनी पिशवीतून प्रबंध काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिनं आधी त्याचा वास घेतला. मग पुठ्ठा किंचित वाकवून पाहिला, पाठीवरून अंगठा फिरवला, सोनेरी अक्षरांवर नख घासून पाहिलं. चमचा तोंडात घालायचा की कानात हे ज्या हातांना सकाळी समजत नव्हतं, ते हात इथे काय करायचं हे कुणालाही विचारत नव्हते. मास्तर बघत होते. पानं फरफर फिरली आणि थांबली. उलटी जुडी. आता हसेल, मास्तरांना वाटलं, आता हसेल आणि म्हणेल.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं आणि प्रबंध पटकन मिटला.

"हे तुमचं?"

"हो. माझं. आपलं ते..."

"हळू बोला." ती पुढे झुकली. "आबांना दाखवलंत?"

"नाही."

"दाखवू नका. तुमच्या पाया पडते. मी आत्ता उसवून सरळ करून देते, कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"अगं, राहू दे. मला असंच आवडतं." मास्तर तिच्या डोळ्यांत बघत राहिले. "मी तक्रार करायला नव्हतो आलो. मी छत्री विसरलो होतो. छत्री, आठवतं ना?"

तिनं शहाण्या मुलीसारखं टेबलाखाली वाकून पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर पाहिलं.

"इथे नाहीये छत्री," ती म्हणाली. "बाहेर कुठे राहिली असेल."

मास्तरांना वाटलं, आपण इथून उठावं आणि चालत सुटावं, कुठेही. कुणीतरी आतून सगळं उपसून नेल्यासारखं झालं त्यांना. चौक तिला आठवला होता. दुकान आठवलं होतं, फरशी आठवली होती, भीतीसुद्धा जशीच्या तशी आठवली होती. मास्तर तिचे व्हायच्या आधीच्या एका दिवसात ती जाऊन बसली होती, आणि तिला तिथे घेऊन आले होते खुद्द मास्तर, टॅक्सी करून.

तेवढ्यात तिनं केकची सुरी उचलली.

"नको," मास्तरांनी प्रबंधावर तळहात ठेवला. "हे नको करू. हे एवढंच आहे माझ्याकडे."

ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग वर पाहिलं. डोळे भरून आले होते. "अहो, मला बाकावरून उठवतील हो," ती म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही."

मास्तरांनी हात काढून घेतला. जन्मभर जो प्रबंध काखोटीला मारून ते पळाले होते तो त्यांनी तिच्यापुढे सोडून दिला. तिला बाकावरून उठवायचं काम आजवर कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, ते त्यांनी करायचं?

आणि मग तिनं काम केलं. पुठ्ठा उघडून सांध्यावरून सुरी अलगद फिरवली, तशी पाठीचं कापड सुटून आलं. वाळलेला सरस चमच्याच्या लाकडी दांड्यानं खरवडून काढला. दोरे ताणून एकेक कापले. पान एकही फाटू दिलं नाही. बोटं अशी चालत होती की शेजारच्या टेबलावरची पोरं बोलायची थांबून बघू लागली. मास्तरही बघत होते, आणि खोटं कशाला बोला, त्या थोड्या वेळात ते दुःख विसरले. किती देखणं काम होतं तिचं! तिनं ती जुडी बाहेर ओढली, फिरवली, सरळ करून जागेवर ठेवली आणि सगळा गठ्ठा टेबलावर उभा ठोकून कडा जुळवल्या.

मग तिचा हात सुई-दोऱ्यासाठी बाजूला गेला. तिथे साखरेच्या पुड्या होत्या. हात दुसऱ्या बाजूला गेला. तिथे गार झालेली कॉफी होती. हात हवेत तसाच राहिला आणि हळूहळू खाली आला. पुढे काय करायचं ते हातांनाही ठाऊक नव्हतं.

"चार दिवसांनी या," ती म्हणाली. आवाज एकदम कामाचा. "शिवून, दाबून ठेवते. वर चिठ्ठी लावायला नाव सांगा."

मास्तरांनी ओठ ओले केले. एवढी एकच संधी उरली होती.

"मास्तर," ते म्हणाले.

ती हसली. तेच हसणं, अगदी तेच, रखरखीत उन्हातलं. "मास्तर असं नाव असतं का कुठे!" ती म्हणाली, आणि नाव मिळालं नाही म्हणून तिनं चिठ्ठीचा नाद सोडून दिला.

कप उचलून नेताना कॉफीवाल्या मुलीनं सुट्या पानांकडे पाहिलं, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती काहीही न विचारता गेली. शेवटी मास्तर उठले, पानं गोळा करून पिशवीत घातली आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"चल, घरी जाऊ."

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "माझं घर इथेच आहे. वर." तिनं छताकडे बोट दाखवलं.

वर आता कुणाचं तरी ऑफिस होतं. मास्तरांनी समजावलं, गोंजारलं, मुलीचं नाव घेतलं. खोटंनाटं सांगितलं. ती हलेना. त्यांनी हात धरून उठवायचा प्रयत्न केला तशी ती हिसडा मारून प्रेसकडे धावली आणि त्याचं लोखंडी चाक दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिली. "मला कुठे नेताय? आबा! आबा, हा कोण माणूस आहे बघा!" सगळं दुकान वळून बघू लागलं. दारातून डोकावणाऱ्या पाहुण्यांपैकी एकानं फोन वर धरला. मास्तर त्याच्या अंगावर खेकसले, पण त्यानं काय होणार होतं?

"काका," कॉफीवाली मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सिक्युरिटीला बोलावू का? ते दोघं जण धरून गाडीपर्यंत सोडतील."

दोघं जण. धरून. मास्तरांना तिचे काटकुळे दंड दिसले आणि त्यावर दोन परक्यांचे पंजे दिसले. "नको," ते म्हणाले. "थांब."

टेबलावर तिनं वापरलेला चमचा पडला होता, दांड्याला सरसाची पूड लागलेला. मास्तरांनी तो उचलला. दिलेला शब्द त्यांना आठवत नव्हता असं नाही. तिला दिलेला तो शब्द आठवणारे आता ते एकटेच होते, आणि तो मोडला तर त्यांना जाब विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि चमच्याचा दांडा टेबलावर आपटला. दोनदा.

चाक सुटलं. तिनं हात कपड्यांना पुसले, केस कानांमागे सारले आणि ती भराभर चालत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. खाली मान. पाय लटपटत होते.

"आले, आबा," ती म्हणाली.

मास्तरांनी नुसता दाराकडे हात केला. ती निघाली.

टॅक्सीत ती त्यांच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, दाराला टेकून बसली. चौक मागे पडला तशी तिची भीती ओसरली. थोड्या वेळानं तिला या गप्प बसलेल्या म्हाताऱ्याची कणव आली असावी.

"तुमचं काम होईल हो," ती म्हणाली. "काळजी नका करू."

"नाही करत."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको असते," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही इतका वेळ बाहेर कसे?" ती जरा रागावलीच. "वाट बघत असेल ना ती."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं. टॅक्सीत नळ मोठा सोडता येत नाही. त्यांनी ओठ दाबून धरले आणि रस्त्यावरची माणसं बघत राहिले, आणि त्यांना प्रत्येक माणसाचा राग आला.

फोन वाजला. मुलगी होती. "बाबा? काय झालं? ओळखलं?"

"चौक ओळखला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, मी येऊ ना उद्या?"

"ये."

"पण तिला गाडीत कसं बसवायचं? मागच्या वेळी तिघांना आवरली नव्हती. संस्थेच्या माणसांना सोबत घेऊन येऊ का?"

"कुणी नको," मास्तर म्हणाले. "बसेल ती. ते माझ्यावर सोड."

फोन ठेवायला त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला तेव्हा बोटांना लाकडाचा दांडा लागला. गडबडीत चमचा तसाच खिशात आला होता. त्या भल्या मुलीला परत नेऊन द्यायला हवा, असं त्यांच्या मनात आलं. ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगण्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं. मग शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. चमचा सकाळी लागणार होता.